कोरियन सेडान बडोद्यात बारा वर्षं टिकेल का?

मुग्धा_कारेलीबाग
बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. सांभाळून घ्या.

घरी २०१० ची होंडा सिटी आहे. पंधरा वर्षं पुरी झाली. पुन्हा पासिंग करायचं की विकायची, यावर महिनाभर घरात चर्चा चालली आणि अखेर विकायची ठरली. नवी घ्यायची तीही सेडानच, कारण मागे सासू-सासरे ऐसपैस बसले पाहिजेत आणि डिकी मोठी पाहिजे. या दोन गोष्टींवर तडजोड नाही. बघून बघून ह्युंदाईच्या वर्नापाशी येऊन थांबलोय. पेट्रोल, ऑटोमॅटिक.

सासरे म्हणतात, "कोरियन? अगं, पत्र्याचा डबा तो! जपानी इंजिन सोडून कुठे चाललात?" धाकटे दीर म्हणतात जर्मन बघा, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज येतो. मला गाडीतलं काही कळत नाही याबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे. म्हणून मीच माहिती काढायला बसले.

रोजचं चालणं कारेलीबाग ते मकरपुरा, महिन्यातून दोनदा एक्सप्रेसवेने अहमदाबाद, वर्षातून एकदा पुणे. गाडी बारा वर्षं ठेवणार. ह्युंदाईच्या सेडानवर एवढा भरवसा टाकावा का? शोरूमचं पत्रक वाचून दाखवू नका, ते माझं पाठ झालंय.

रावपुऱ्यातला
होंडाला +१. शिवाय सासऱ्यांचं ऐकल्याचं पुण्य वेगळं.

हालोलवाला_काका
मुग्धाताई, तुमच्या सासऱ्यांचं मत १९९० सालचं आहे, आणि १९९० साली ते शंभर टक्के बरोबर होतं.

१९८६ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत एक्सेल नावाची गाडी नेली. किंमत ४,९९५ डॉलर. पहिल्याच वर्षी दीड लाखाच्या वर खपल्या. पण स्वस्तात घेतलेली गाडी दोन-तीन वर्षांत खुळखुळ्यासारखी वाजायला लागली की लोक किंमत विसरतात, कंपनीचं नाव लक्षात ठेवतात. तिकडे ह्युंदाई हा टवाळीचा विषय झाला. तरी कंपनीला दम कुठे होता! कॅमरी-ॲकॉर्डसारख्या जपानी सेडानच्या रांगेत बसायचं म्हणून कॅनडातल्या ब्रोमाँ गावात कारखाना टाकला आणि १९८९ पासून तिथे सोनाटा ही सेडान काढायला घेतली. १९९३ ला त्या कारखान्याला कुलूप लागलं. मी हालोलचा माणूस, आमच्याकडचा जनरल मोटर्सचा कारखानाही असाच बंद झाला, त्यामुळे ब्रोमाँचं पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात कालवलं. कारखाना बंद होणं म्हणजे गावासाठी काय असतं ते आम्हाला सांगायला नको.

पुढचा भाग मात्र शिकण्यासारखा आहे. १९९८ च्या अखेरीस त्यांनी अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्सवर १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. जिच्या गाड्यांवर लोक हसत होते, तिने दहा वर्षांची जबाबदारी अंगावर घेतली! लोकांना वाटलं वेड लागलंय. पण आता रस्त्यावर गाडी बंद पडली की खर्च मालकाचा राहिला नाही, कारखान्याच्या माथी आला. मग कारखाना झक मारत सुधारतो. १९९९ मध्ये चुंग मोंग-कू अध्यक्ष झाले. हा गृहस्थ त्याआधी कंपनीचा सर्व्हिसचा धंदा सांभाळायचा, म्हणजे दुरुस्तीला आलेल्या गाड्या बघतच मोठा झालेला. असा माणूस वर बसला की खालच्या लाइनीला घाम फुटतो.

अमेरिकेतल्या जे. डी. पॉवर या सर्वेक्षण कंपनीच्या २००४ च्या नव्या गाड्यांच्या पाहणीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीला जाऊन बसली. २००५ मध्ये अलाबामात माँटगोमेरीला नवा कारखाना उघडला, आणि तिथे काढलेली पहिली गाडी पुन्हा सोनाटाच. जिथे नाक कापलं गेलं होतं तिथेच परत गेले.

मकरपुरा_जॉबवर्क
काका, गोष्ट झकास. पण अर्धीच सांगितलीत.

माँटगोमेरीच्याच सोनाटात पुढे थीटा टू नावाचं इंजिन बसवलं. त्यातल्या क्रँकशाफ्टमध्ये तेलासाठी पाडलेल्या भोकांत धातूचा कीस राहून गेला. त्याने तेल अडलं, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग कोरडं पडलं आणि चालत्या गाडीत इंजिन जाम. सप्टेंबर २०१५ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या. २०१७ मध्ये आणखी, ह्युंदाई-किया मिळून १२ लाखांच्या आसपास. कंपनीतल्याच एका इंजिनिअरने कागदपत्रं अमेरिकी सरकारच्या हातात दिली. गाड्या परत बोलवायला उशीर केला म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांना मिळून २१ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. त्या इंजिनिअरला पुढच्या वर्षी २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर बक्षीस मिळालं. आमच्याकडे असं कुणी केलं तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतील.

मी पोटासाठी ड्रिलिंगची कामं घेतो, म्हणून हे वाचताना अंगावर काटा आला. आडवं भोक तिरक्या भोकाला जिथे जाऊन मिळतं ना, तिथे बारीक काठ उभा राहतो. हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही. हवा मारली की साफ झालं असं वाटतं. माझ्याकडे एक जुना ऑपरेटर आहे, तो भोकातून तेल सोडून खाली पांढऱ्या धोतराचा तुकडा धरतो आणि उन्हात नेऊन बघतो. चमकलं की माल परत मशीनवर. तरुण पोरं हसतात त्याला. मी कधी हसलो नाही.

सांगायचं काय, दहा वर्षांची वॉरंटी देणारी कंपनीसुद्धा एका भोकात अडकते.

हालोलवाला_काका
बराबर. हे लिहायला हवं होतं, मान्य. फक्त धागा वाचणाऱ्यांचा घोटाळा नको. आपल्याकडच्या वर्नात ते इंजिन नाही. हिची दोन्ही १.५ लिटरची पेट्रोल इंजिनं वेगळ्या घराण्यातली आहेत. एक साधं, ११५ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप, साधारण हॉर्सपॉवरच). दुसरं टर्बो, १६० पीएसचं.

रावपुऱ्यातला
मग होंडाच ना! नाहक एवढं वाचलं.

मकरपुरा_जॉबवर्क
अहो रावपुरा, होंडालाही ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगांसाठी सिटी परत बोलवाव्या लागल्याच की. सोवळ्यात कुणीच नाही.

सयाजीगंज_सिग्नल
मुग्धाताई, ऑटोमॅटिक म्हणालात, पण कुठली? मला यात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो.

वर्नात दोन प्रकार आहेत. टर्बोला सात गिअरची डीसीटी, साध्या इंजिनाला आयव्हीटी, म्हणजे गिअरचे टप्पे नसलेली ऑटोमॅटिक. डीसीटीत दोन क्लच असतात. एकाकडे १-३-५-७, दुसऱ्याकडे २-४-६. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवलेला असतो, म्हणून लोणी कापल्यासारखी गिअर बदलते. पण हे क्लच कोरडे असतात. नवरात्रात रात्री गाडी पावलापावलाने सरकते तेव्हा तो अर्धा क्लच धरून बसल्यासारखा घासत राहतो. आपण स्वतः हाफ क्लचवर तासभर गाडी सरकवली तर ड्रायव्हिंग शिकवणारा मास्तर कानाखाली काढेल. इथे तेच मशीन करतं आणि आपण गाणी ऐकतो. एक्सप्रेसवेवर मात्र तिच्यासारखी मजा नाही.

आयव्हीटीत पुढे टॉर्क कन्व्हर्टर आहे, तो तेलातून ताकद पुढे देतो, घासणारा कोरडा क्लच नाही. जोरात दाबलं की इंजिन ओरडतं, गाडी जरा मागून येते. पण रोजचं कारेलीबाग-मकरपुरा आणि बारा वर्षं म्हणत असाल तर डोळे मिटून तीच घ्या.

माझा अनुभव सांगतो, कंपनीचं नाव विचारू नका. एका युरोपीय कंपनीची सेडान होती, अशाच कोरड्या दोन क्लचवाली. साठ हजार किलोमीटरला फत्तेगंजच्या पुलावर पानाखाणा लाल दिवा लागला आणि फक्त विषम गिअर राहिले. पहिला, तिसरा, पाचवा. घरापर्यंत तशीच ठेचकाळत आणली. वॉरंटी संपून चार महिने झाले होते. सर्व्हिस सेंटरने एवढा आकडा सांगितला की मी पाणी मागितलं. गाडी चालवायला अजूनही तिच्याएवढी आवडलेली नाही, हे बायकोला सांगू नका.

मुग्धा_कारेलीबाग
"पानाखाणा लाल दिवा" म्हणजे काय? :)

सयाजीगंज_सिग्नल
पान्याचं चित्र असलेला. टंकताना हात घसरला. तेव्हाही असाच घसरला होता, चेक लिहिताना.

विश्वामित्रीकाठ
तुम्ही सगळे इंजिन-गिअरबॉक्सवर बोलताय, पण ताई कारेलीबागेत राहतात. ऑगस्ट २०२४ विसरलात का?

आमच्या सोसायटीत तळघरात पार्किंग आहे. रात्री वॉचमनने हाका मारल्या तेव्हा उताराच्या तोंडाशी पाणी आलं होतं. माझी गाडी वर काढली, शेजाऱ्यांची राहिली, ते सुरतला गेले होते. नदी ३५ फुटांच्या वर गेली त्या पुरात. मगरी सोसायट्यांत फिरत होत्या. तिसऱ्या दिवशी पंप लावून पाणी उपसलं तर शेजाऱ्यांच्या गाडीच्या हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ दिसत होती, बरोबर मध्यावर, फूटपट्टीने आखल्यासारखी. आत दोन बोटं गाळ. सीटबेल्ट ओढला तर चिखलाची फीत बाहेर आली.

शेजारी आले आणि घाईत बटण दाबलं. एकदाच. इंजिनमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉडच वाकला. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात पुराचं नुकसान मिळतं, पण पाणी शिरलेलं इंजिन असं चालू करून बिघडलं तर त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घ्यावं लागतं. त्यांनी काही हजार वाचवायला ते काढून टाकलं होतं.

तेव्हा जपानी घ्या, कोरियन घ्या, कलम घ्या. आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं बटण दाबू नका, टो करून न्या. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, दरवर्षी कुणीतरी हा प्रयोग करतंच.

फिजिओ_वाघोडिया
जरा अवांतर. सासू-सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत? सेडानमध्ये बसताना खाली जावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. सीट कमरेच्या उंचीला असेल तर माणूस सरळ टेकतो आणि वळतो. गाडी बुक करायच्या आधी दोघांना शोरूममध्ये पाच-पाच वेळा बसवा-उठवा. सेल्समन कंटाळला तरी चालेल.

प्रतापनगर_पावती
जीएसटीचं कुणी बोललंच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब आणि दीड लिटरच्या आतल्या गाड्यांवर सेस गेला. आधी २८ अधिक १७ मिळून ४५ टक्के होते, आता सरळ ४०. वर्ना, सिटी, सगळ्या त्यात येतात. ऑन-रोडचा कागद नवा मागा, जुनी झेरॉक्स घेऊ नका.

जुना_पादरा_रोड
मला वेगळीच शंका आहे. गाडी टिकेल हो. पण सेडान हा प्रकार टिकेल का? कोरोला आणि सिव्हिक २०२० ला गेल्या. ह्युंदाईने स्वतःची एलांट्रा २०२२ ला बंद केली. एप्रिल २०२५ मध्ये सियाझ गेली. ह्युंदाईचीच एसयूव्ही क्रेटा २०१५ ला आली आणि सगळं गिऱ्हाईक तिकडे वळलं. म्हणजे घरातल्याच मोठ्या सुनेने धाकटीचा संसार मोडला. उद्या वर्ना बंद झाली तर सहाव्या वर्षी बंपर कुठून आणायचा?

बडोद्याला हे सांगायला नको. हालोलला १९९६ मध्ये जनरल मोटर्सची ओपेल अस्त्रा निघाली तेव्हा अख्ख्या अलकापुरीला वाटलं, आता जर्मन गाडी आपल्या दारची. मग कोर्सा आली, मग शेवरोले ऑप्ट्रा. २०१७ च्या एप्रिलमध्ये लाइन थांबली आणि त्याच वर्षाअखेरीस भारतातली विक्रीही.

हालोलवाला_काका
ऑप्ट्राचं नाव काढलंत, आता मला गप्प बसवणार नाही.

गंमत अशी की ऑप्ट्रा मुळात कोरियनच. दैवूची लासेटी, पाटी अमेरिकन. आणि अलकापुरीतले शेठ लोक तिला जर्मनांची धाकटी बहीण समजून घ्यायचे! मी २०१४ ला निवृत्त झालो, शेवट आतून पाहिला नाही. ती जागा चीनच्या सायक या मोटार कंपनीने घेतली, तिथे एमजीच्या गाड्या निघतात. जनरल मोटर्सचा दुसरा कारखाना तळेगावला होता. तो कुणी घेतला? ह्युंदाईने. एकाच परदेशी कंपनीने सोडलेल्या दोन घरांत एकीकडे चिनी, दुसरीकडे कोरियन.

म्हणून मला "विश्वासार्ह" म्हटलं की दोन वेगळे प्रश्न दिसतात. गाडी बंद पडते का, हा एक. कंपनी मुक्कामाला राहते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर इंजिन देतं. दुसऱ्याचं उत्तर जमीन आणि पैसा कुठे गुंतलाय ते बघून कळतं. ह्युंदाईची सँट्रो १९९८ ला चेन्नईजवळच्या कारखान्यातून निघाली. तेव्हापासून हे लोक इथे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्या शेअर बाजारात २७,८७० कोटींचा आयपीओ झाला, तोवरचा देशातला सगळ्यात मोठा. पैसा कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेला हे खरं. पण वर तळेगावही घेतलं. बोऱ्याबिस्तरा बांधणारा माणूस बाजूचा प्लॉट विकत घेत नाही.

आता जुना पादरा यांच्या बंपरबद्दल. वर्नाची दोन्ही इंजिनं आणि दोन्ही ऑटोमॅटिक क्रेटातही आहेत. साधं इंजिन-आयव्हीटीही, टर्बो-डीसीटीही. क्रेटा रस्त्यावर आहे तोवर इंजिन-गिअरबॉक्सचे भाग मिळतील, मकरपुऱ्यातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला हात बसलेला असेल. अडचण येईल ती अंगावरच्या सामानाची. दिवे, बंपर, काचा, दाराच्या रबरी पट्ट्या. हे वर्नाचं स्वतःचं आहे. पाच वर्षांनी गाडी बंद झाली असं कळलं तर त्या आठवड्यात पुढच्या दिव्यांची जोडी घेऊन माळ्यावर ठेवा. हसू नका. ऑप्ट्रावाले माझे मित्र आज याच जोडीसाठी भंगारवाल्यांकडे फिरतात.

जुना_पादरा_रोड
क्रेटाचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. पटलं. म्हणजे धाकटीचा संसार मोडला त्या मोठीच्याच स्वयंपाकघरातून डबा येणार.

रावपुऱ्यातला
मी अजूनही होंडाच म्हणतोय, कुणी विचारत नाहीये.

मुग्धा_कारेलीबाग
रावपुरा, विचारते. सिटीसुद्धा पाहिली, खरंच चांगली आहे. पण ते शोरूम आम्हाला सर्व्हिसला लांब पडतं, आणि मागच्या पंधरा वर्षांत त्या रस्त्यावर माझे किती शनिवार गेले ते मी मोजलेत.

तर सगळ्यांना धन्यवाद, आता हकिगत. रविवारी सगळं कुटुंब घेऊन गेलो. फिजिओ यांच्या सांगण्यावरून दोघांना पाच वेळा बसवलं. सासूबाईंना तिसऱ्या वेळेपर्यंत जमलं, मग म्हणाल्या, "छताला धरायला कडी आहे ना, मग झालं." सासरे आधी बसलेच नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर बोटाने दोनदा टिचकी मारली, कान लावला. सेल्समनने सहा एअरबॅग आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीतले पाच तारे सांगायला सुरुवात केली. सासरे म्हणाले, "तारे रात्री बघू. डिकी उघडा." डिकी बघून गप्प झाले. घरी येऊन सासूबाईंना हळूच म्हणाले, "पुण्याच्या दोन्ही बॅगा उभ्या मावतील."

आयव्हीटी घेतोय. धाकटे दीर रुसलेत, त्यांना टर्बो हवी होती. इंजिन प्रोटेक्टचं कलम घेतलं. वाढीव वॉरंटीही घेतली, काकांच्या गोष्टीमुळे.

हालोलवाला_काका
छान. ताबा संध्याकाळी घेऊ नका, शोरूमच्या दिव्यात रंगाचा डाग दिसत नाही. सकाळच्या उन्हात घ्या. बोनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते अंगठ्याने बघायचं. टायरवर कुठल्या आठवड्यात बनला ते चार आकड्यांत लिहिलेलं असतं. तो आठवडा आणि गाडी बनल्याचा महिना जुळतात का पाहा. पाटा उचलून डिकीच्या तळाशी हात फिरवा, ओल नको. सांगत असाल तर मी टॉर्च घेऊन येतो. तसाही घरी रिकामाच असतो.

मुग्धा_कारेलीबाग
काका, याच! गुरुवारी सकाळी दहाला. सासरेही येणार आहेत, त्यांची स्वतःची यादी आहे, दोन पानी.

हालोलवाला_काका
मग साडेनऊलाच येतो.

रावपुऱ्यातला
परत येताना रावपुऱ्यात थांबा, सेव-उसळ माझ्याकडून. गाडी कोरियन असली तरी.